चिट्याल सरांचे लांब शब्द

चिट्याल सरांनी मला आपल्या पत्नीच्या निधनाची बातमी पाच ठोक्यांत दिली.

मी आठ दिवस गावी जाऊन परतलो होतो. सर गॅलरीत उभे होते. "राजम्मा गेली," ते म्हणाले. मग गॅलरीच्या लाकडी कठड्यावर उजव्या हाताचा तळवा पाच वेळा आपटत त्यांनी पुढचा शब्द उच्चारला. "अन्-फॉर्-च्यु-नेट्-ली." दुसरा ठोका एवढ्या जोरात होता की कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल खाली अंगणात पडला. सर जिना उतरले, टॉवेल झटकून वर आले आणि म्हणाले, "जोर 'फॉर्'वर. लोक 'अन्'वर देतात. चूक हाय ते."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नंतर मला कळलं की ते सगळ्यांच्याच तोंडाकडे तसं बघत. त्या दिवशी मात्र मला ते दुःख वाटलं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि भवानी पेठेतल्या एका दुमजली चाळीत राहत होतो. सर शेजारच्या खोलीत. चाळीच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. सकाळी सात वाजता माग सुरू झाले की भिंतीवरची कॅलेंडरं थरथरू लागत. नवा भाडेकरू पहिले आठ दिवस ओरडून बोलायचा आणि मग आपण ओरडतो आहोत हेच विसरून जायचा.

लक्ष्मीनारायण चिट्याल यांचं वय चोपन्न. उंची बेताची, केस तेल लावून मागे वळवलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटण लावून बंद. घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी आणि पोटापाण्याची इंग्रजी. पेठेजवळच्या एका मुलींच्या हायस्कुलात ते एकवीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. मुलगा भिवंडीला मागावर होता. राजम्मा गेल्यावर खोलीत सर एकटे उरले, आणि त्यांचे लांब शब्द.

सरांना इंग्रजीतल्या कवितेचं, व्याकरणाचं, थोरांच्या भाषणांचं विशेष काही वाटत नसे. त्यांना हवी असत लांबलचक क्रियाविशेषणं. ज्या शब्दाच्या शेवटी 'ली' आहे आणि ज्याचे किमान चार तुकडे पडतात, तो शब्द त्यांच्या लेखी शब्द. बाकीचा चुरा. वर्तमानपत्र वाचताना ते पेन्सिल घेऊन बसत आणि असा शब्द दिसला की त्यावर उभ्या रेघा ओढत. कसाई जनावराकडे पाहतो तसे ते त्या शब्दाकडे पाहत: सांधा कुठे आहे आणि सुरी कुठे घालायची.

"बघा," ते मला समजावत. "मधे नशीब बसलंय, फॉर्च्युन. दारात 'अन्' उभा राहिला की नशीब फिरलं. मागं 'ली' लावली की ते कसं घडलं हे सांगायची सोय झाली. 'ली' म्हणजे शेपूट. शेपटावर कधी जोर पडत न्हाय. शेपूट फक्त मागून येतंय."

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "तोडून बोला." ते सगळ्यांना हेच सांगत, पोस्टमनला, भाजीवाल्याला, घरमालकाला. त्याच्या जोडीला दुसरं एक असे. "हिकडं बघून बोला." पेठेतले लोक ही मास्तरकी समजून सोडून देत.

कोपऱ्यावर मल्लप्पाचं हॉटेल होतं. मल्लप्पा अक्कलकोटकडचा, स्वभावाने टवाळ. सर ठरलेल्या खुर्चीवर बसत. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. ती खुर्ची रिकामी नसेल तर चहा न पिता परत जात. एकदा मल्लप्पाने गल्ल्यावरून वाकून, सरांकडे तोंड करून आरोळी दिली, "सरांना एक चहा, इमिजिएटली!"

"इ-मी-डि-एट्-ली," सरांनी टेबलावर पाच ठोके दिले. दुसऱ्याला बशा नाचल्या. "पाच तुकडे हायत मल्लप्पा. 'लगेच' म्हणायला ज्यांना एवढा वेळ लागतोय, त्यांचं राज्य गेलं ते बरंच झालं की."

"मग चहा लगेच देऊ का पाच तुकड्यांत देऊ ओ सर?"

"चहा सलग द्या. बशी फुटली तर माझ्या नावावर घालू नका."

एकदा ते आमच्या कार्यालयात आले. आमच्या मराठी पेपरात एक इंग्रजी जाहीर नोटीस छापली होती आणि त्यातला 'सब्सिक्वेंटली' हा शब्द ओळीच्या टोकाला मोडून उरलेला भाग खालच्या ओळीत गेला होता. मोडला होता तो भलत्या जागी. सरांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. "हाड सांध्यावर निखळतं," ते म्हणाले. "हे तुम्ही मधनं मोडलंय."

मी त्यांना शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळारी विभागाच्या फोरमनकडे नेलं. फोरमन तीस वर्षांचा मुरलेला माणूस. त्याने कात्रण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि परत दिलं. "जागा संपली की मोडतो आम्ही सर. शिशाला काय कळतंय इंग्रजी?"

"शिशाला न्हाय. तुम्हाला?"

"मला पगार मराठीचा मिळतो," फोरमन म्हणाला आणि खिळ्यांकडे वळला. पाठमोरा होऊन तो आणखी काहीतरी म्हणाला. ते सभ्य नव्हतं. विभागातले चौघे हसले. सर शांतपणे तसेच उभे होते, मग मला नमस्कार करून निघून गेले. माणूस मोठ्या मनाचा आहे असं मी त्या वेळी ठरवलं. अपुऱ्या माहितीवर काढलेला तो निष्कर्ष होता.

शाळेत त्यांची शिकवण्याची रीत शहरभर माहीत होती, कारण ती रस्त्यावर ऐकू येत असे. मुलीने उभं राहायचं, शब्द तोडून म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला आपल्या बाकावर एक ठोका द्यायचा. जोराच्या तुकड्याला जोरात. सर तिच्या शेजारी उभे राहत आणि आपला तळवा त्याच बाकावर सपाट टेकवून ठेवत. चुकलं तर मान हलवत, बरोबर आलं तर "करेक्ट! शाब्बास!" मग चाळीस मुली तोच शब्द एकदम वाजवत. शेजारच्या वर्गावर गणिताचे एक सर होते. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं होतं, "चिट्याल, तुमच्या वर्गात इंग्रजी शिकवतात का लेझीम?"

बहुतेक मुली मागवाल्यांच्या घरच्या होत्या. जन्मापासून मागाच्या धोट्याचा खटका ऐकत वाढलेल्या. कुठला ठोका हलका आणि कुठला भारी, हे त्यांना शिकवावं लागत नसे. इंग्रजीचा अर्थ त्यातल्या पुष्कळ जणींना कळत नव्हता, पण सोलापुरातल्या कोणत्याही शाळेपेक्षा त्यांचे लांब शब्द बिनचूक येत. सरांना एवढं पुरे होतं.

एका दुपारी वीज गेली आणि माग थांबले. पेठेत अशी शांतता पडली की लोक दारात येऊन उभे राहिले. मी जिना चढत होतो, सर चार पायऱ्या पुढे होते. त्यांच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा दगडी पायरीवर पडला. त्या शांततेत तो आवाज खालच्या अंगणापर्यंत गेला. सर चढतच राहिले. मी "सर" म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा अंगणातल्या बायकांनी वर पाहिलं. सरांनी नाही.

दारापाशी खिसे चाचपताना ते वळले. माझ्या हातात किल्ल्या होत्या. त्यांनी किल्ल्यांकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला आत घेऊन दार लावलं.

"हे कुणाला सांगू नका," ते म्हणाले. माग बंद होते आणि सरांना आपला आवाज किती मोठा आहे ते समजत नव्हतं. खाली अंगणात कुणीतरी "काय सांगू नका?" असं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी बोट ओठांवर ठेवलं. सरांनी आवाज उतरवला आणि बाकीचं सांगितलं.

नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत ते मागावर होते. मग रात्रशाळा, पदवी, मास्तरकी. कान हळूहळू गेले. आता उजव्यात काहीच नव्हतं, डाव्यात फक्त धडधड पोचत होती. मला हे आधी कसं कळलं नाही याचं उत्तर सोपं होतं. भवानी पेठेत कमी ऐकू येणं हा आजार मानत नसत. ते वय मानत. आणि सरांना ओठ वाचता येत होते. कारखान्यात आवाज काढून उपयोग नसतो. तिथली माणसं ओठ मोठे करून, घसा बंद ठेवून बोलतात. डबा घेऊन जाणारी लेकरंसुद्धा ती बोली शिकतात. सर त्याच बोलीत वाढले होते.

"पण लांब शब्दच का?" मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"लहान शब्द मला फसवतात. पॅट म्हणा, बॅट म्हणा, मॅट म्हणा, ओठ सारखेच आणि ठोका एकच. पोरगी बरोबर बोलली का चूक, मी कशावरनं ठरवू? लांब शब्द इमानदार असतोय. सहा ठोके, तिसरा भारी. बाकावर हात ठेवला की लाकडातनं सगळं वर येतं."

"शाळेला सांगितलंत तर?"

"अनफिट. चार वर्षं राहिलीत." ते खाटेवर बसले. "घरी बसायला मी भीत न्हाय. मुलगा भिवंडीला बोलवायलाय. पण मला सांगा, ह्या गावात माझ्याकडं तोंड करून कोण बोलतंय? माणसं चालता चालता बोलतात. पान खाताना बोलतात, पाठ करून बोलतात. राजम्मा समोर बसून बोलायची. आता वर्गात चाळीस पोरी रोज माझ्याकडं तोंड करून बसतात. तेवढंच ऐकतो मी."

मी कुणाला सांगितलं नाही. तशी गरजही पडली नाही.

त्या वर्षी गणिताच्या सरांनी बाकांच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली आणि तपासणीसाठी शिक्षण खात्याचे एक अधिकारी शाळेत आले. पुढे जे झालं ते पाहायला मी तिथे नव्हतो. मुख्याध्यापिका, शाळेचा शिपाई आणि एक विद्यार्थिनी अशा तिघांकडून मी ते ऐकलं. तिघांच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढंच लिहितो.

अधिकारी वर्गात मागच्या बाजूला उभे राहिले. सर फळ्यापाशी. अधिकाऱ्यांनी आधीच बजावलं होतं की आज बाक वाजणार नाहीत. त्यांनी पुष्पा बोद्दुल या दहावीतल्या मुलीला उभं केलं. वर्गात पहिली येणारी मुलगी. तिचा बाप मागावर होता आणि शाळा बंद करून तिला घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवण्याचं तो वर्षभर बोलत होता.

"सायमल्टेनियसली," अधिकारी म्हणाले. "तोडून सांग. हात खाली ठेव."

पुष्पाने सरांकडे पाहिलं. बाक वाजणार नाही, मग सरांना कळणार कसं, एवढाच विचार तिच्या मनात आला असं तिने नंतर सांगितलं. तिने मग घरी बापाशी बोलायची तसं केलं. तोंड मोठं उघडून, एकेक तुकडा सुटा करून, तिसऱ्याला हनुवटी पार खाली नेऊन तिने तो शब्द सरांना दाखवला. सहा तुकडे. एकही चुकला नाही. पण त्या बोलीत घसा बंद असतो. वर्गात कसलाही आवाज झाला नाही.

"करेक्ट!" सर म्हणाले. "शाब्बास!"

"काय करेक्ट?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "ती बोललीच नाही."

सर पुष्पाकडे बघत होते. अधिकारी वर्गाच्या मागे होते. सरांनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "नेक्स्ट?"

शिपाई म्हणाला, एवढ्या पोरी, पण एक हसली न्हाय.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत सरांना लेखी विचारणा झाली. सरांनी लेखी उत्तर दिलं: मला व्यवस्थित ऐकू येतं; विद्यार्थिनी हळू बोलली, ते मी ऐकलं. हे धडधडीत खोटं होतं आणि भीतीने लिहिलेलं होतं. त्यांनी मला त्याची प्रत दाखवली. त्यात एकही लांब शब्द नव्हता. अधिकाऱ्यांनी सरांना कानाच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवण्याचा आदेश काढला. तपासणी सहा दिवसांनी होती.

या सहा दिवसांत मी जे केलं ते माझ्या व्यवसायाला शोभणारं नव्हतं. डॉक्टर मागे उभे राहून शब्द म्हणणार, सरांनी ते परत म्हणायचे, अशी तपासणीची पद्धत असल्याचं मी चौकशी करून आलो. मग ठरलं की सोबतचा माणूस म्हणून मी समोर उभा राहीन आणि डॉक्टरांचा शब्द आवाज न काढता ओठांनी सांगेन. खोटी बातमी देऊ नये असं मला शिकवलं होतं. ओठ हलवू नयेत असं कुणी शिकवलं नव्हतं.

रोज सकाळी सर मला समोर बसवून शिकवू लागले. मी वाईट विद्यार्थी निघालो.

"तुमचे ओठ पेपरवाल्याचे हायत," ते वैतागले. "हलतात लई, कळत काय न्हाय."

"मी 'माणूस' म्हणालो सर."

"मला 'पाऊस' दिसला. परत. घसा बंद. घसा बंद हो! तुमचा आवाज यायलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या गळ्याची घाटी हलती की."

पाचव्या दिवशी मला तीसपैकी पंचवीस शब्द सांगता येऊ लागले. सरांनी शाब्बास म्हटलं. त्या दिवशी ते मल्लप्पाकडे जाऊन दोन चहा प्यायले.

त्याच दिवशी संध्याकाळी पुष्पाचा बाप आला. पन्नाशीचा, हडकुळा माणूस, केसांत सुताचे तंतू. तो खोलीच्या मधोमध, सरांच्या बरोबर समोर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"तुम्ही लिहून दिलाव की तुम्हाला ऐकू येतंय."

"दिलंय," सर म्हणाले.

"पोरीनं लिहून दिलंय की सरांना ऐकू येत न्हाय म्हणून मी तसं बोलले. मोठ्या बाई म्हणतात, दोघांतलं एक खोटं. सरांची उद्या तपासणी हाय. सरांना ऐकू येतंय असं निघालं तर पोरगी खोटं बोलली, साहेबांपुढं मुद्दाम तोंडं वेडावली. मग तिचं नाव काढणार म्हणतात शाळेतनं."

सर त्याच्या ओठांकडे बघत होते.

"मला काय," तो म्हणाला. "मला कांड्या भरायला हात पाहिजेतच. मीच काढणार होतो तिला. पण असं नाव काढून..." त्याने हाताने काहीतरी खुडून टाकल्यासारखं केलं. "दोन दिवस जेवली न्हाय ती. एवढंच सांगायला आलो. तुमचं तुम्ही बघा सर. तुमच्या नोकरीचा प्रश्न हाय, मला कळतंय की."

तो गेल्यावर मी सरांना विचारलं, उद्याचं काय करायचं. ते माझ्याकडे बघत होते, त्यामुळे प्रश्न त्यांना समजला होता. "दहा वाजता निघू," ते म्हणाले.

दवाखान्यातली ती खोली लांबट होती. एका टोकाला स्टुलावर सर. त्यांच्या मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर, तोंडापुढे एक फाइल धरून. मी सरांच्या समोर खिडकीपाशी उभा होतो. "तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "शेजारी," मी म्हणालो. "तिथं उभे राहा, बोलू नका," ते म्हणाले. मी बोलणार नव्हतोच.

"पाणी," डॉक्टर म्हणाले.

मी ओठांनी सांगितलं. "पाणी," सर म्हणाले.

"सोळा."

"सोळा," सर म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. त्यांचा चेहरा कंटाळलेला होता. साधी केस आहे, लवकर आटपेल असा. ते तिसरा शब्द म्हणाले. मी तो सांगितला, आणि माझ्या आजवरच्या सरावात तो सगळ्यात चांगला जमला होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता; ते मला दिसलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी तो शब्द पुन्हा म्हटला. मग दुसरा म्हटला, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. मी काही वेळ ओठ हलवत राहिलो. कुणासाठी ते सांगता येणार नाही. डॉक्टरांनी फाइल खाली घेतली, चार पावलं पुढे आले, शेवटी सरांच्या अगदी पाठीशी उभं राहून ओरडले. बाहेरच्या व्हरांड्यातले दोन रुग्ण दारात येऊन उभे राहिले. सर बसून होते. चार वर्षं मी त्यांना ओळखत होतो. कुणाच्याही तोंडाकडे बघत नसलेला त्यांचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. तो बराच म्हातारा होता.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"पहिले दोन कसे सांगितलेत?" डॉक्टरांनी समोर येऊन विचारलं.

"अंदाजानं," सर म्हणाले.

डॉक्टरांनी खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, क्षणभर पाहिलं आणि मान खाली घालून कागद पुरा केला. सरांनी त्याची नक्कल मागितली. मिळेपर्यंत ते काउंटरपाशी उभे राहिले. तिथून आम्ही सरळ शाळेत गेलो.

मुख्याध्यापिका कागद वाचत असताना सर त्यांच्या समोर उभे होते. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"मी खोटं लिहिलं होतं," सर म्हणाले. "पोरीनं खरं लिहिलं. तिचं नाव राहील ना?"

"राहील."

"लिहून द्या."

बाईंनी लिहून दिलं. सरांनी तो कागद शिपायाला देऊन पुष्पाच्या बापाकडे पाठवायला सांगितलं. वरच्या मजल्यावर दहावीच्या वर्गात कुणी दुसरे शिक्षक शिकवत होते. सर वर गेले नाहीत. पुष्पाचं नाव पटावर राहिलं. सरांचं त्याच दुपारी निघालं.

घराकडे आम्ही चालत आलो. मला बरंच बोलायचं होतं. आपण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ, अर्ज करू, पेपरात लिहिता येईल, असं पुष्कळ. पण त्यांच्याशी बोलायचं तर त्यांनी आपल्याकडे पाहावं लागे, आणि शाळेपासून चाळीपर्यंत ते एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. मी दोनदा पुढे होऊन त्यांच्या समोर यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

खोलीच्या दारात त्यांनी कुलूप काढलं. मग वळून माझ्या समोर उभे राहिले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले.

मागे माग चालू होते. माझे ओठ हलले नाहीत. ते बराच वेळ थांबले.

मग त्यांनी, कुणी काही सांगितल्यावर करतात तशी मान हलवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.